शहरांची घडण : मुख्यालय जिथे, उलाढाल तिथे

वाशिम जिल्ह्यातल्या शिरपूर जैनला अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या दर्शनासाठी देशभरातून भाविक येतात. वादामुळे हे मंदिर चार दशके कुलूपबंद होते. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर ते 2023 मध्ये उघडले. म्हणजे गावच्या बाजारपेठेचा कणा असलेल्या मंदिराचा निकालही दिल्लीत लागला. तहसीलचे काम मालेगावला, जिल्ह्याचे वाशिमला, विभागाचे अमरावतीला, उच्च न्यायालयाचे नागपूरला.

मुख्यालय मिळाले की गावाचे काय होते, हे वाशिमने दोनदा अनुभवले आहे. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी, तेव्हाचे वत्सगुल्म. इंग्रजी अमदानीत ते बासीम जिल्ह्याचे ठाणे होते, पण 1905 मध्ये तो जिल्हा मोडला आणि वाशिम अकोल्याच्या पदराला बांधले गेले. त्यानंतर 93 वर्षे कलेक्टर कचेरीचे काम निघाले, की ऐंशीएक किलोमीटरवरचे अकोला गाठावे लागे. तारीख पुढे ढकलली तर दिवस वाया, मजुरीही बुडाली. 1 जुलै 1998 रोजी वाशिम पुन्हा जिल्हा झाला. जिल्हा परिषद, कोषागार, आरटीओ आले, गाड्यांवर एमएच 37 लागले. नोकरदारांची घरभाडी, वकिलांची कार्यालये, शिकवण्या, झेरॉक्सची दुकाने ही सगळी वाढ कचेरीच्या सावलीत होते.

पण एवढ्याने शहर मोठे होत नाही. त्यासाठी नागपूरकडे पाहावे लागते.

1861 पासून मध्य प्रांताची राजधानी असलेल्या नागपूरने 1956 मध्ये ते स्थान गमावले. नवा मध्य प्रदेश भोपाळहून चालू लागला, विदर्भ मुंबईशी जोडला गेला. हिवाळी अधिवेशन आणि उच्च न्यायालयाचे खंडपीठ मिळाले, पण मंत्रालय मुंबईतच. तरीही शहर तगले, कारण कंपन्यांची मुख्यालये इथे आली. 1962 मध्ये मॅंगनीजची मॉयल, 1975 मध्ये वेस्टर्न कोलफिल्ड्स. कोळसा निघतो चंद्रपूर, वणी, छिंदवाड्याच्या खाणींतून, पण निविदा, नेमणुका, लेखापरीक्षण, कायदेशीर सल्ला नागपुरात. खाणीच्या गावाला धूळ आणि रोजगार, तर मुख्यालयाच्या शहराला अधिकाऱ्यांचे पगार आणि व्यावसायिकांचा ताफा. हा हिशेब विदर्भाने नीट मांडून घेतला पाहिजे.

नागपूरच्या मिहान प्रकल्पाकडेही याच नजरेने पाहावे. 2002 मध्ये राज्य सरकारने विमानतळ विकास कंपनी स्थापली, जमीन मिळवली, आणि टीसीएस, एचसीएलसारख्या कंपन्या आल्या. पण त्यांची मुख्यालये मुंबई आणि नोएडात. शाखा उघडण्याचा निर्णय तिथे होतो, बंद करण्याचाही तिथेच. रोजगार मिळाला हे मोलाचे, पण त्यावर समाधान मानणे चूक ठरेल.

वाशिम जिल्ह्यात आता समृद्धी महामार्ग मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा तालुक्यांतून धावतो. सोयाबीन आणि तूर इथेच पिकते. रस्ता माल बाहेर नेतो तसा उद्योगही आणू शकतो, पण त्यासाठी जिल्ह्यात नोंदणी झालेल्या, इथूनच कारभार करणाऱ्या प्रक्रिया कंपन्या हव्यात. शेतकरी उत्पादक कंपन्यांना भांडवल आणि गोदामे देणे सरकारच्या हातात आहे. शिरपूर, मालेगाव, रिसोडच्या लोकप्रतिनिधींनी येत्या अधिवेशनात ही मागणी लावून धरावी.