तुझी शिफ्ट कोणती होती?

२७ एप्रिल २०२५ रोजी राज्याच्या सीईटीचा पीसीएम (भौतिक, रसायन, गणित) गटाचा पेपर देताना एका सत्रातली मुलं चक्रावून गेली. गणित नीट सुटत होतं, पण आलेलं उत्तर चार पर्यायांत कुठेच नव्हतं. असं एकदा झालं की मूल आधी स्वतःवरच संशय घेतं, पुन्हा आकडेमोड करतं, घड्याळाकडे बघतं आणि घाबरतं. त्या सत्रात गणिताच्या ५० पैकी २१ प्रश्नांचे पर्याय चुकलेले होते. सीईटी कक्षाने चूक मान्य केली आणि सुमारे २७ हजार विद्यार्थ्यांची परीक्षा ५ मे रोजी पुन्हा घेतली.

कागदोपत्री प्रकरण तिथे संपलं. मुलांमध्ये मात्र वाद तिथून पेटला. फेरपरीक्षा द्यावी लागलेल्यांचं म्हणणं, चूक दुसऱ्याची आणि जीव पुन्हा आमचा टांगणीला. इतरांचं म्हणणं, त्यांना अभ्यासाला आठवडा जास्त मिळाला, त्याचं काय? दोन्ही बाजूंच्या मुलांचा मूळ प्रश्न एकच होता: वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या पेपरांवर परीक्षा दिलेल्या मुलांना एका यादीत बसवता कसं? कनिष्ठ महाविद्यालयात शिकवत असल्याने दर उन्हाळ्यात हा प्रश्न माझ्यासमोर येतो. पेपर देऊन आलेलं मूल पूर्वी ‘पेपर कसा गेला?’ या प्रश्नाला उत्तर द्यायचं. आता मुलं एकमेकांना आधी विचारतात, ‘तुझी शिफ्ट कोणती होती?’ या प्रश्नात भीती आहे, आणि ती समजून घ्यायची तर त्यामागचं गणित आधी समजून घ्यायला हवं.

२०१९ पासून ही परीक्षा संगणकावर होते. लाखो मुलांना एका वेळी पुरतील एवढे संगणक राज्यात एका दिवसासाठी मिळत नाहीत, म्हणून ती अनेक दिवस, सकाळ-दुपारच्या सत्रांत चालते. प्रत्येक सत्राचा पेपर वेगळा. कितीही काळजी घेतली तरी दोन पेपर सारखेच कठीण निघत नाहीत. म्हणून थेट गुण न लावता पर्सेंटाइल लावतात. समजा एका सत्रात २० हजार मुलं बसली. एका मुलीला २०० पैकी १४२ गुण मिळाले, आणि १४२ किंवा त्याहून कमी गुण मिळालेली मुलं तिला धरून १९,४०० निघाली. १९,४०० भागिले २०,०००, गुणिले १००, म्हणजे तिला ९७ पर्सेंटाइल. दुसऱ्या दिवशीचा पेपर सोपा होता. तिथेही २० हजार मुलं, पण १९,४०० चा आकडा गाठायला १५६ गुण लागले. तिथल्या १५६ वाल्या मुलाला आणि इथल्या १४२ वाल्या मुलीला यादीत सारखंच स्थान मिळतं. नॉर्मलायझेशन म्हणतात ते हेच. जेईई मेनमध्येही २०१९ पासून हीच रीत आहे.

घरोघरी होणारा एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. ८५ पर्सेंटाइल म्हणजे ८५ टक्के नव्हेत. शंभरातल्या साधारण ८५ मुलांच्या बरोबरीने किंवा पुढे, एवढाच त्याचा अर्थ. २०० पैकी निम्म्याहून कमी गुण मिळवूनही ८५ पर्सेंटाइल येऊ शकतात. आईवडील दहावीच्या गुणपत्रिकेच्या सवयीने तो आकडा वाचतात आणि विनाकारण खूश होतात, नाहीतर विनाकारण मुलावर चिडतात. पुढे प्रवेशाच्या फेऱ्यांत, म्हणजे कॅप राउंडमध्ये, हवं ते कॉलेज हुकलं की ‘एवढे मार्क असून कसं काय?’ म्हणून घरात रडारड होते.

या रीतीत एक गृहीत दडलेलं आहे: प्रत्येक सत्रात हुशार, मध्यम आणि कच्ची मुलं सारख्याच प्रमाणात वाटली गेली आहेत. सत्रात वीस-पंचवीस हजार मुलं असतील आणि वाटप चिठ्ठ्या टाकल्यासारखं झालं असेल, तर हे गृहीत बऱ्यापैकी टिकतं. मधल्या पट्ट्यातल्या मुलाचं फार नुकसान होत नाही, असं मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगते आणि ते मला मनापासून पटतंही. पण टोकाला गणित नाजूक होतं. वीस हजारांच्या सत्रात एक मूल म्हणजे ०.००५ पर्सेंटाइल. पीसीएम गटाला चार लाखांवर मुलं बसतात. त्या हिशेबाने ०.१ पर्सेंटाइलचा फरक म्हणजे यादीत सुमारे ४०० मुलांचं अंतर. व्हीजेटीआय किंवा सीओईपीची संगणक शाखा तर ९९ च्या पुढच्या दशांशांवरच ठरते. निकालात पर्सेंटाइल सात दशांशांपर्यंत छापतात. एवढ्या बारीक आकड्याने मुलांची क्रमवारी लागते, पण त्या आकड्याची अचूकता तेवढी बारीक असू शकत नाही. मुलांना हे सूत्रात मांडता येत नसेल, जाणवतं मात्र पक्कं.

परीक्षेचे ते तीन तास कसे असतात, हेही मोठ्यांनी जाणून घ्यायला हवं. पहिला दीड तास भौतिक आणि रसायनशास्त्र, मिळून १०० प्रश्न. एका प्रश्नाला ५४ सेकंद. तेवढ्यात प्रश्न वाचायचा, सोडवायचा, माउसने पर्याय निवडायचा आणि ‘सेव्ह अँड नेक्स्ट’ दाबायचं. वेळ संपली की तो भाग आपोआप बंद होतो. मागे जाता येत नाही. मग गणित उघडतं. ५० प्रश्न, प्रत्येकी दोन गुण, पुन्हा दीड तास; म्हणजे एकाला १०८ सेकंद. स्क्रीनच्या उजव्या बाजूला प्रश्नांच्या आकड्यांच्या चौकटी असतात. सोडवलेला प्रश्न हिरवा, उघडून सोडून दिलेला लाल. एक मुलगी मला म्हणाली होती, ‘मॅम, शेवटच्या दहा मिनिटांत प्रश्न दिसेनासे होतात, फक्त लाल रंग दिसतो.’ चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे शेवटच्या मिनिटात मुलं उरलेल्या लाल चौकटींवर डोळे मिटून पर्याय टाकत सुटतात. ‘तुक्के किती लागले’ हा निकालाच्या दिवशीचा ठरलेला विषय. ज्या मुलाने प्रश्न खरोखर सोडवला त्याला हे खुपतं. वैद्यकीय प्रवेशाच्या नीटमध्ये बरोबर उत्तराला चार गुण आणि चुकीला एक वजा. तिथली मुलं उलट भीतीने येत असलेलं उत्तरही सोडून देतात. भीती दोन्हीकडे आहे, फक्त तऱ्हा वेगळी.

तालुक्याच्या गावातून येणाऱ्यांचं तर निराळंच असतं. सकाळच्या सत्राला केंद्रावर लवकर हजर व्हायचं, म्हणजे आदल्या संध्याकाळी एसटी पकडून जिल्ह्याच्या गावी नातेवाइकाकडे मुक्काम. वर्षभर हाताला पेनाची सवय. माउसची आणि स्क्रीनवर लांबलचक प्रश्न वाचायची सवय बेतानेच. मॉक टेस्ट घरबसल्या देणारी मुलं आणि सायबर कॅफेत तासावर पैसे मोजून एखाद-दुसरी मॉक देणारी मुलं यांच्यातला हा फरक कुठल्याच नॉर्मलायझेशनने भरून निघत नाही. शिवाय गणिताचा पेपर फक्त इंग्रजीत. भौतिक, रसायन, जीवशास्त्र मराठी आणि उर्दूतही मिळतं. पण दहावीपर्यंत मराठीत ‘वर्गसमीकरण’, ‘त्रिकोणमिती’, ‘संभाव्यता’ असे शब्द ज्यांच्या कानांवर पडले, त्यांनी गणिताच्या वेळी भाषाच बदलायची. दोन वर्षांत ती सवय होते, असं आम्ही शिक्षक म्हणतो. सगळ्यांना होत नाही, हे आम्हाला ठाऊक असतं.

असं असूनही बहुतेक मुलांना प्रवेश परीक्षा नकोशी वाटत नाही. शिक्षण क्षेत्रातल्या चर्चांमध्ये ही बाजू फारशी ऐकू येत नाही. बोर्डाचे गुण कॉलेजाकॉलेजात वेगळे, प्रॅक्टिकलचे गुण सरांच्या हातात, ओळखीपाळखी चालतात, असं मुलांना वाटतं. स्क्रीन मात्र आडनाव बघत नाही. एका शेतमजुराच्या मुलाचे शब्द माझ्या लक्षात राहिले आहेत: ‘तिथे मी कुठल्या कॉलेजातून आलो हे कुणी विचारत नाही, तेवढं बरं वाटतं.’ राज्याने २०१४ आणि २०१५ मध्ये अभियांत्रिकीसाठी सीईटी बाजूला ठेवून जेईई मेन आणि बारावीचे गुण निम्मे-निम्मे धरून पाहिले. २०१६ पासून पुन्हा सीईटीच आली. आता राज्याच्या मंडळाचा अभ्यासक्रम, त्यातही ८० टक्के बारावीचा आणि २० टक्के अकरावीचा, एवढ्यावर ही परीक्षा बेतलेली आहे. राज्य मंडळाच्या मुलांना तो मोठा आधार वाटतो.

मात्र या आधाराची किंमत वर्गाला मोजावी लागते. बारावीचे वर्ग दिवाळीनंतर ओस पडतात. हजेरी पटावर भरते, मुलं मात्र क्लासला. ‘इंटिग्रेटेड’च्या नावाखाली कॉलेज आणि क्लास एकाच छताखाली आले, तिथे प्रयोगशाळा कुलूपबंद आणि जर्नल एकाचं बघून चाळीस जणांनी उतरवलेलं. ओहमचा नियम पाठ असलेल्या मुलाला अमीटर मंडलात कुठे जोडायचा हे ठाऊक नसतं, असं मी वर्षानुवर्षं पाहते आहे आणि दर वेळी तितकंच वाईट वाटतं. पर्याय ओळखायला शिकलेल्या मुलाला स्वतःच्या शब्दांत चार ओळी लिहायला सांगितल्या की तो थबकतो. त्याला आळशी कसं म्हणावं? वर्षभर त्याच्याकडून जे मागितलं गेलं तेच त्याने शिकून घेतलं.

मग एकच दिवस, एकच पेपर घ्यावा का? मुलांची मागणी तीच आहे, आणि ती इथल्यापुरती नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रयागराजला उत्तर प्रदेश लोकसेवा आयोगाच्या उमेदवारांनी याच मागणीसाठी रस्त्यावर ठाण मांडलं, आणि आयोगाला पूर्वपरीक्षा एका दिवशी घेण्याचं मान्य करावं लागलं. ३० मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नीट-पीजी दोन सत्रांऐवजी एकाच सत्रात घेण्याचा आदेश दिला. दोन पेपरांची काठिण्यपातळी कधीच तंतोतंत सारखी असू शकत नाही, हे मुलांचं म्हणणंच न्यायालयाने त्यात मान्य केलं. ३ ऑगस्टला ती परीक्षा तशी झालीही. पण एका सत्रातही धोके आहेतच. २०२४ ची नीट-यूजी एकाच दिवशी, एकाच वेळी, कागदावर झाली. वेळ वाया गेला म्हणून १,५६३ जणांना वाढीव गुण दिले, ते मागे घेऊन २३ जूनला त्यांच्यासाठी फेरपरीक्षा ठेवावी लागली. पाटणा आणि हजारीबागच्या पेपरफुटीची सावली तर तेवीस लाखांवर मुलांवर पडली. सगळ्यांचा पेपर एकच असेल, तर एका खोलीत फुटलेला पेपर सगळ्यांचाच फुटतो.

चाचण्यांच्या शास्त्रात यावर जुना उपाय आहे. प्रत्येक सत्राच्या पेपरात थोडे प्रश्न समान ठेवायचे. त्या समान प्रश्नांवर दोन सत्रांतल्या मुलांनी कशी उत्तरं दिली हे पाहून कुठला पेपर किती कठीण होता आणि कुठला गट किती तयार होता, हे वेगवेगळं मोजता येतं. पर्सेंटाइलच्या साध्या रीतीत या दोन गोष्टी एकत्र मिसळतात. आपल्याकडची अडचण खरी आहे: सकाळच्या सत्रातले प्रश्न दुपारपर्यंत टेलिग्रामवर फिरतात, समान प्रश्न गुप्त राहणार कसे? त्यासाठी हजारो प्रश्नांची, आधी तपासून पाहिलेली पेढी लागते. पर्यायच चुकलेले २१ प्रश्न एका पेपरात जाऊ शकतात, तिथे अशी पेढी उभी करायला वेळ लागेल हे उघड आहे. पण सुरुवात तिथूनच करावी लागेल.

विशेषतः आता. पीसीएम आणि पीसीबी (गणिताऐवजी जीवशास्त्र) गटांसाठी २०२६ पासून सीईटीच्या दोन संधी आणि त्यातला चांगला निकाल धरायचा, असा निर्णय सरकारने जाहीर केला. मुलांनी त्याचं स्वागत केलं. एका दिवशी ताप आला म्हणून वर्ष वाया जाऊ नये, ही मागणी रास्तच आहे. पण मघाशी सांगितलेलं गृहीत इथे डळमळतं. पहिल्या वेळी सगळे बसतात. दुसऱ्या वेळी कोण बसतं? ज्यांना वाटतं की आपण आणखी वर जाऊ शकतो ते. कच्ची मुलं आणि पहिल्याच निकालावर समाधानी असलेली मुलं यातून गळतात. अशा निवडक गटातले ९७ आणि पहिल्या गटातले ९७ सारखे धरायचे का? जेईई मेनची जानेवारी आणि एप्रिलची मुलं हा वाद वर्षानुवर्षं घालतात: जानेवारीला अभ्यासक्रम अपुरा, एप्रिलला सगळे तयारीचे.

निकालपत्रावर मुलाच्या हाती पर्सेंटाइल पडतात. आपले मूळ गुण किती, हे त्याने उत्तरतालिका आणि स्वतःची उत्तरं ताडून मोजायचं. उत्तर चुकलं असं वाटलं तर एका आक्षेपाला हजार रुपये भरायचे. ज्याच्या घरी हजार रुपये म्हणजे दोन-तीन दिवसांची मजुरी आहे, तो गप्प बसतो. मग मुलं एकमेकांकडून गुण आणि पर्सेंटाइल गोळा करतात, रात्री जागून सत्रवार तक्ते बनवतात, ते ग्रुपवर टाकतात आणि त्यातल्या खऱ्याखोट्या आकड्यांवर आपली शिफ्ट ‘लकी’ होती की नव्हती ते ठरवतात. हा तक्ता अधिकृत हवा. प्रत्येक सत्राला किती मुलं बसली, किती गुणांना किती पर्सेंटाइल पडले, सरासरी किती होती, आक्षेपांनंतर कुठले प्रश्न रद्द झाले. कुणाचं नाव लागत नाही, कुठलं गुपित फुटत नाही. ही सगळी माहिती निकाल लावताना संगणकात तयार झालेलीच असते. ती निकालाच्याच दिवशी, त्याच संकेतस्थळावर, मराठीतही ठेवता येईल. आणि मान्य झालेल्या आक्षेपाचे हजार रुपये त्या मुलाला परत मिळायला हवेत.