लाटेचा वेग कोण ठरवतं?

उजनीच्या जलाशयावर वारा सुटला की लाटा काठाकडे धावत येताना दिसतात. पाणी मात्र धावत नसतं. पाण्यावर मोकळा सुटलेला थर्माकोलचा तुकडा नीट पाहा. माथा आला की तो वर उचलला जाऊन थोडा पुढे सरकतो, मागची घळ आली की खाली बसून जवळजवळ तेवढाच मागे येतो. वाऱ्याने थोडा वाहवतो, तेवढंच. खालचं पाणीही असंच जागच्या जागी गोल फिरतं. काठापर्यंत येते ती वाऱ्याने पाण्याला दिलेली ऊर्जा. मातीच्या धरणांना पाण्याच्या बाजूने दगडी पिचिंग करतात ते या ऊर्जेच्या माऱ्यासाठी.

ही लाट मोजायला घड्याळ पुरतं. समजा, पाण्यात रोवलेल्या एका काठीसमोरून 16 सेकंदांत 10 माथे गेले. म्हणजे सेकंदाला 0.625, ही झाली वारंवारता. दोन माथ्यांमधलं अंतर 4 मीटर भरलं, ही तरंगलांबी. दोन्हींचा गुणाकार 2.5 मीटर प्रतिसेकंद, म्हणजे ताशी 9 किलोमीटर, हा लाटेचा वेग. या हिशेबात लाटेची उंची कुठेच येत नाही. ती वाऱ्याचा जोर, तो किती वेळ वाहिला आणि त्याला किती लांब मोकळं पाणी मिळालं यांवर ठरते. उजनीत अडलेलं भीमेचं पाणी माढ्यातल्या भीमानगरच्या धरणाच्या भिंतीपासून पार वरपर्यंत पसरलेलं असल्याने इथे वाऱ्याला रान मोकळं मिळतं. 21 मे 2024 रोजी कुगावहून कळाशीकडे निघालेली बोट वादळी वाऱ्यात याच जलाशयात उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. धरण म्हणजे मोठं तळं, असं समजणाऱ्याने हे लक्षात ठेवावं.

आता तीच लाट उथळ पाण्यात येऊ द्या. तरंगलांबीच्या निम्म्याहून कमी खोली झाली की लाटेला तळ जाणवू लागतो आणि ती मंदावते. वीतभर पाण्यात आपल्या लाटेचा वेग जवळपास निम्म्यावर येतो. वारंवारता मात्र बदलत नाही, कारण मागून सेकंदाला जेवढे माथे येतात तेवढेच पुढे जायला हवेत. मग एकच वाट उरते: माथे जवळ येतात, 4 मीटरचं अंतर सुमारे 2 मीटरवर येतं. लाट तिरकी येत असेल तर काठाजवळचं टोक आधी रेंगाळतं, खोल पाण्यातलं टोक पुढे येतं आणि सगळी लाट वळून काठाला समांतर होऊ लागते. वारा कुठूनही असो, लाटा काठावर बहुधा समोरूनच आल्यासारख्या वाटतात त्या यामुळे. वारंवारता ठरवतो लाट उठवणारा, वेग ठरवतं माध्यम. लाटांचं निम्मं शास्त्र या वाक्यात आहे, असं माझं मत.

आवाजालाही हाच नियम लागू आहे. गाडीच्या हॉर्नचा सूर हॉर्न ठरवतो, वेग हवा ठरवते: 30 अंश तापमानाला सेकंदाला सुमारे 349 मीटर, 10 अंशांना 337. हॉर्न जोरात वाजवून आवाज लवकर पोहोचत नाही. थंडीतल्या निरभ्र, शांत रात्री जमीन झपाट्याने निवते, तिच्यालगतची हवा गार होते आणि वरची त्या मानाने उबदार राहते. वरून जाणाऱ्या आवाजाचा वेग जास्त, खालच्याचा कमी. उथळ काठाशी पाण्याची लाट वळते तसाच आवाज खाली जमिनीकडे वळतो. म्हणून माढा स्टेशनवरून जाणाऱ्या गाडीचा हॉर्न डिसेंबरच्या पहाटे लांबच्या वस्तीवरही स्पष्ट येतो. एप्रिलच्या दुपारी जमीन तापलेली असते, आवाज वर वळतो आणि तीच वस्ती त्याला मुकते. रात्री सगळं शांत असतं म्हणून ऐकू येतं, हे कारण खरं आहे, पण अपुरं.

रेडिओ लहरींना तर माध्यमही लागत नाही. आकाशवाणी पुणे केंद्राचे 378.8 मीटर आणि 792 किलोहर्ट्झ हे आकडे जुन्या श्रोत्यांना पाठ असतील. 378.8 ला 7,92,000 ने गुणा. उत्तर सुमारे 30 कोटी मीटर प्रतिसेकंद, म्हणजे प्रकाशाचा वेग. पुण्याच्याच 101 मेगाहर्ट्झ एफएमची तरंगलांबी याच हिशेबाने जेमतेम 3 मीटर निघते. 792 किलोहर्ट्झसारख्या मध्यम लहरी जमिनीच्या गोलाईला धरून दूरवर जातात, एफएमच्या लहरी बहुतांशी सरळ जातात आणि क्षितिजापलीकडे फारशा पोहोचत नाहीत.