मल्ल आणि शीघ्रकवी : जॉन सीना

कुस्ती म्हटली की तांबड्या मातीचा आखाडा, शड्डू ठोकून उभे ठाकलेले दोन मल्ल आणि भोवती दाटीवाटीने बसलेले प्रेक्षक, असे चित्र आपल्याकडील मुलांच्या डोळ्यांपुढे उभे राहते. अमेरिकेत जिला व्यावसायिक कुस्ती म्हणतात, ती याहून अगदी निराळी आहे. तेथे आखाडा म्हणजे दोरांनी वेढलेला एक चौकोनी मंच. त्यावर उतरणारा मल्ल एखाद्या नटाप्रमाणे भूमिकाही वठवीत असतो. कोणी सज्जन असतो, कोणी खलपुरुष. आणि कोणी जिंकायचे व कोणी हरायचे, हे आधीच ठरलेले असते. यावरून हा सारा प्रकार लटका आहे असे कोणी समजेल. तथापि निकाल जरी ठरलेला असला, तरी शंभर-सव्वाशे किलो वजनाचा माणूस उंचावरून पडतो तेव्हा ते पडणे खरेच असते. हाडे मोडतात, स्नायू फाटतात. शिवाय तेथे नुसत्या अंगबळावर कोणाचा निभाव लागत नाही. हजारो प्रेक्षकांसमोर ध्वनिक्षेपक हाती घेऊन त्यांना हसविता, चिडविता आणि खिळवून ठेवता यावे लागते. जॉन सीना या मल्लाचे भाग्य त्याच्या दंडांनी नव्हे, तर त्याच्या जिभेने उघडले.

सीनाचा जन्म २३ एप्रिल १९७७ रोजी अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील वेस्ट न्यूबरी या लहानशा गावी झाला. पाच भावांत तो दुसरा. मुलगा अंगाने किरकोळ होता. त्यातच त्याला न्यूयॉर्कच्या वस्त्यांतून आलेल्या रॅप संगीताचा नाद लागला आणि तो त्या गायकांसारखे ढगळ कपडे घालू लागला. गावातील इतर मुलांना हे विपरीत वाटे. ती त्याची टवाळी करीत, प्रसंगी त्याला मारहाणही करीत. बारा वर्षांचा असताना त्याने नाताळची भेट म्हणून वजने उचलण्याचा बाक मागितला, आणि तेव्हापासून व्यायाम हा त्याचा नित्यक्रम झाला. काही वर्षांत टवाळखोरांना त्याच्या वाटेस जाण्याची छाती होईनाशी झाली. गंमत अशी की, ज्या नादापायी त्याने मार खाल्ला तो नाद काही त्याने सोडला नाही.

पुढे त्याने स्प्रिंगफील्ड महाविद्यालयात शरीरविज्ञानाशी निगडित अशा व्यायामशास्त्राचा अभ्यास केला व तेथील अमेरिकन फुटबॉलच्या संघाचे नेतृत्वही केले. बास्केटबॉलचा खेळ १८९१ साली ज्या संस्थेत जन्मला, तीच ही संस्था. पदवी घेऊन तो कॅलिफोर्नियास गेला. तेथे त्याने व्यायामशाळेत काम केले, भाड्याची मोटार चालविली, आणि त्याच सुमारास एका कुस्तीशाळेत या मंचीय कुस्तीचे धडे घेण्यास आरंभ केला. २००१ साली त्या क्षेत्रातील सर्वांत मोठ्या कंपनीने त्याला शिकाऊ मल्ल म्हणून करारबद्ध केले. आज ही कंपनी डब्ल्यूडब्ल्यूई या नावाने ओळखली जाते.

२७ जून २००२ रोजी दूरचित्रवाणीवर त्याची पहिली मोठी लढत झाली. प्रतिस्पर्धी होता १९९६ च्या अ‍ॅटलांटा ऑलिंपिकमध्ये कुस्तीचे सुवर्णपदक मिळविलेला कर्ट अँगल. सीना हरला, पण शर्थीने झुंजला, आणि लोकांनी त्याची दखल घेतली. ही दखल मात्र फार दिवस टिकली नाही. पिळदार शरीराचे तरुण त्या धंद्यात पैशाला पासरी मिळतात. सीनाजवळ भूमिका अशी कोणतीच नव्हती. तो नुसता एक धट्टाकट्टा मुलगा होता. वर्षअखेरीस आपल्याला नारळ मिळणार हे जवळजवळ ठरलेच होते, असे त्याने पुढे अनेकदा सांगितले आहे.

अशा स्थितीत मल्लांचा ताफा युरोपच्या दौऱ्यावर निघाला. प्रवास लांबचा होता. बसच्या मागच्या बाजूस काही मल्ल वेळ घालविण्यासाठी जमेल तशा रॅपच्या ओळी रचून म्हणत होते. सीनाही त्यांत सामील झाला. रॅप म्हणजे ठेक्यावर, यमके जुळवीत, भराभर म्हटलेले पद्य. १९७३ च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात कूल हर्क नावाच्या जमैकन तरुणाने आपल्या तबकड्या लावून जो नाचाचा समारंभ रंगविला, तेथून या परंपरेचा आरंभ मानतात. दारिद्र्य व उपेक्षा सोसणाऱ्या कृष्णवर्णीय तरुणांनी ती वाढविली. तिच्यात दोन गायक एकमेकांसमोर उभे राहून, ऐन वेळी सुचेल त्या ओळींनी एकमेकांची रेवडी उडवितात. आपल्या शाहिरांच्या कलगी-तुऱ्यातील सवालजबाब ज्याने ऐकले आहेत, त्याला ही रीत अगदीच परकी वाटू नये; मात्र कलगी-तुऱ्यातील अध्यात्माची कोडी येथे नसतात.

बसमध्ये कंपनीच्या मालकांची कन्या स्टेफनी मॅकमॅहनही होती. तिने सीनाचे बोल ऐकले, आणि तू हे आयत्या वेळी रचू शकतोस काय, असे विचारले. सीनाने समोर जे दिसेल त्यावर तत्काळ ओळी रचून दाखविल्या. हेच मंचावर करशील का, असा तिचा पुढचा प्रश्न होता. लहानपणी ज्या गोष्टीपायी गावात हसे झाले, तीच गोष्ट आता नोकरी वाचवीत होती.

त्यानंतर सीना गळ्यात जाड साखळी व डोक्यावर टोपी घालून मंचावर येऊ लागला. लढतीपूर्वी तो प्रतिस्पर्ध्यावर रचलेले पद्य म्हणे. आधी तो खलपुरुष होता. लोकांनी त्याची हुर्यो करावी अशी अपेक्षा होती. परंतु यमक नेमके बसले आणि शेवटच्या शब्दाने प्रतिस्पर्ध्याचा वर्मी वेध घेतला, की माणूस नकळत टाळी देतोच. काही महिन्यांत खलपुरुषाचा नायक झाला, तो कोणा लेखकाच्या योजनेने नव्हे, तर प्रेक्षकांच्या टाळ्यांनी. ती पद्ये पुष्कळदा असभ्य होती, हेही सांगितले पाहिजे. हजरजबाबीपणा त्यांत होता. पण शरीराच्या व्यंगावर केलेला विनोद हा सोपा विनोद होय, आणि सीनाने तो बराच केला.

१४ मार्च २००४ रोजी न्यूयॉर्कमध्ये सुमारे सात फूट उंचीच्या बिग शो या अवाढव्य मल्लाला खांद्यावर उचलून आपटून त्याने पहिले अजिंक्यपद मिळविले. पुढच्या वर्षी, ३ एप्रिल २००५ रोजी, तो कंपनीचा सर्वोच्च विजेता झाला. त्याच वर्षीच्या मे महिन्यात नात्याने भाऊ लागणाऱ्या मार्क प्रेडकासह त्याने 'यू कान्ट सी मी' हा गीतसंग्रह काढला. मल्लाने गाणी काढावीत यात नवल नाही. तशी पुष्कळांनी काढली व ती विसरली गेली. सीनाचा संग्रह मात्र अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत पहिल्याच आठवड्यात पंधराव्या क्रमांकावर आला. त्यातील एक गीत पुढे वीस वर्षे त्याच्या मंचप्रवेशाच्या वेळी वाजत राहिले. चेहऱ्यासमोर पंजा हलविण्याची त्याची प्रसिद्ध लकब भावाशी लागलेल्या पैजेतून आली होती.

अजिंक्यपद मिळाले आणि पद्ये हळूहळू मागे पडली. बोचरे बोल म्हणणारा तरुण आता मुलांचा आवडता, सलाम ठोकणारा, कधीही हार न मानणारा वीर झाला. हा बदल सर्वांना रुचला नाही. प्रेक्षागृहात मुले व स्त्रिया त्याचा जयजयकार करीत, तर प्रौढ पुरुष त्याच तालात त्याचा धिक्कार करीत. ही दोन दळांची जुगलबंदी वर्षानुवर्षे चालली. मूळचा धारदार सीना हरवला, ही त्यांची तक्रार निराधार नव्हती. परंतु त्याच वर्षांत तो दुसरेही एक काम करीत होता. गंभीर आजाराने पीडित मुलांची एखादी इच्छा पूर्ण करणारी 'मेक-अ-विश' नावाची संस्था आहे. अनेक मुलांची इच्छा सीनाला भेटण्याची असे. २००२ पासून २०२२ पर्यंत त्याने अशा ६५० इच्छा पूर्ण केल्या. इतक्या इच्छा दुसऱ्या कोणीही पूर्ण केल्या नव्हत्या.

शरीराने त्याची किंमत वसूल केलीच. ऑक्टोबर २००७ मध्ये छातीचा स्नायू हाडापासून तुटला. परतण्यास निदान सात महिने लागतील असे सर्वांनी धरले होते. तो २७ जानेवारी २००८ रोजी, चार महिने होण्याआधीच, मंचावर हजर झाला. पुढे मानेवर शस्त्रक्रिया झाली, नाक मोडले. मधल्या काळात त्याने चित्रपटांतही नाव मिळविले आणि चिनी भाषा शिकून घेतली. ८ सप्टेंबर २०२३ रोजी हैदराबाद येथे तो भारतात प्रथमच लढला, तेव्हा ज्यांनी त्याला बालपणी दूरचित्रवाणीवर पाहिले होते, ते आता मोठे होऊन प्रेक्षागृहात बसले होते.

२० एप्रिल २०२५ रोजी लास वेगास येथे त्याने सतरावे जागतिक अजिंक्यपद जिंकून रिक फ्लेअरचा सोळा पदांचा विक्रम मोडला. अखेरची लढत १३ डिसेंबर २०२५ रोजी वॉशिंग्टन येथे झाली. या धंद्यात एक जुना रिवाज आहे : निवृत्त होणाऱ्याने मागे राहणाऱ्याकडून हरून जावे, म्हणजे त्याचे मोठेपण पुढच्या हाती जाते. ऑस्ट्रियाच्या गुंथरने त्याच्या गळ्याभोवती मिठी आवळली. 'हार मानू नका' हे ब्रीद छातीवर मिरविणाऱ्या सीनाने बराच वेळ ती सोडविण्याची धडपड केली, आणि मग हाताने थाप मारून हार मान्य केली. प्रेक्षकांना तो शेवट मुळीच आवडला नाही. त्यांनी निषेधाच्या घोषणा दिल्या. वीस वर्षे ज्याचा धिक्कार केला, त्याच्यासाठी या वेळी प्रौढ पुरुषही मुलांबरोबर ओरडत होते.