अर्ध्या ग्रॅमचा हिशेब

एक हजार लिटर पाण्यात तीव्र आम्ल इतकेच आहे की त्याचा सामू, म्हणजे पीएच, 2 भरतो. ते पाणी 7 वर आणायला 400 ग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो. त्यातले 360 ग्रॅम नुसते 2 वरून 3 वर यायला खर्च होतात, पुढच्या टप्प्याला 36 ग्रॅम पुरतात, आणि शेवटचा 6 ते 7 हा प्रवास 0.04 ग्रॅममध्ये संपतो. सामूची मोजपट्टी दर पायरीला दहापटीने बदलते, त्याचा हा परिणाम. आता कायद्याकडे पाहू. नदी-नाल्यात सोडायच्या सांडपाण्याचा सामू 5.5 ते 9 च्या दरम्यान असावा, असा आपल्याकडचा सर्वसाधारण निकष आहे. आपल्या हजार लिटरांत सोडा 0.13 ग्रॅम कमी पडला की सामू 5.5 वर अडतो आणि 0.4 ग्रॅम जास्त झाला की 9 वर पोचतो. 400 ग्रॅमच्या मात्रेत चुकायला जेमतेम अर्धा ग्रॅम मोकळीक! एका टक्क्याची चूक, म्हणजे 4 ग्रॅम इकडे-तिकडे, आणि सामू थेट 4 किंवा 10. म्हणूनच सामूचे स्वयंचलित नियंत्रण हे आधी टाकीचे काम आहे आणि मग नियंत्रकाचे, असे माझे ठाम मत आहे. कारखान्यांत मात्र बहुधा उलट्या क्रमाने विचार होतो.

पार्श्वभूमी थोडक्यात अशी. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेन्सन यांनी 1909 मध्ये ही मोजपट्टी मांडली. त्याच वर्षी हाबर आणि क्लेमेन्सिएविच यांनी काचेच्या इलेक्ट्रोडचे काम प्रसिद्ध केले. लिंबाच्या रसाची आम्लता मोजायला सोपे साधन हवे होते, त्यातून 1930 च्या दशकात कॅलिफोर्नियात अर्नोल्ड बेकमन यांचा मीटर आला. आजच्या टाकीत प्रोब सामू मोजतो, नियंत्रक तो ठरवलेल्या आकड्याशी ताडून पाहतो आणि डोसिंग पंपाला वेग वाढवायला किंवा कमी करायला सांगतो. बदललेला सामू प्रोबकडे परत येतो आणि चक्र पुन्हा फिरते.

या चक्राचे दोन शत्रू आहेत. पहिला म्हणजे वर पाहिलेली वक्ररेषा. सामू 3 असताना पंपाने दिलेला जादा झटका जाणवतही नाही. तोच झटका 7 जवळ आकडा पार पलीकडे फेकतो. नियंत्रक 3 ला शोभेल असा चपळ ठेवला तर 7 जवळ तो हेलकावे खातो, आणि 7 साठी सावध केला तर खालच्या भागात रेंगाळतो. दुसरा शत्रू विलंब. सोडा टाकीत पडल्यापासून त्याचा परिणाम प्रोबपर्यंत पोचेपर्यंत जो वेळ जातो, त्या काळात नियंत्रक आंधळा असतो. त्याला वाटते की अजून काही झालेले नाही, म्हणून तो ओतत राहतो. मग वरातीमागून घोडे यावेत तसा सामू उसळतो. दोन्ही दिशांचे पंप बसवलेले असतील तर आता आम्ल सुरू होते, थोड्या वेळाने पुन्हा सोडा. दोन्ही रसायने एकमेकांना मारत राहतात, आणि उरते ते पाण्यात विरघळलेले मीठ, जे पुढे काढणे फार महागात पडते.

हा विलंब टाकीतच जन्मतो, म्हणून तो टाकीतच कमी करावा लागतो. पाण्याची खोली आणि टाकीचा व्यास साधारण सारखा हवा, ढवळणी जोरकस हवी आणि पाणी नुसते गोल फिरू नये म्हणून भिंतींना उभ्या पट्ट्या हव्यात. सोडा ढवळणीच्या ओढीत पडायला हवा. लांब नळीच्या टोकाशी साचलेला सोडा पंप थांबल्यावरही ठिबकत राहतो. या किरकोळ वाटणाऱ्या गोष्टीने कित्येक चांगले नियंत्रक बदनाम होतात. मला सर्वांत सुंदर वाटतो तो उपाय मात्र दोन टाक्यांचा. पहिलीत मोठा पंप सामू 4 पर्यंत आणतो, म्हणजे 396 ग्रॅमचे ढोबळ काम उरकतो. दुसरीत छोट्या पंपाकडे सुमारे 4 ग्रॅम उरतात. तिथे एका टक्क्याची चूक म्हणजे 0.04 ग्रॅम, आणि सामू फार तर 6 किंवा 8. चूक टक्क्यात तेवढीच राहिली, पण आता ती निकषात बसते. नियंत्रकात एकही नवे सूत्र न घालता हे साधते.

यावर कोणी म्हणेल, खऱ्या सांडपाण्यात कार्बोनेटसारखी बफर द्रव्ये असतात, तिथे वक्ररेषा एवढी उभी नसते. खरे आहे. पण ही द्रव्ये पाळीगणिक बदलतात. सकाळी सौम्य असलेली रेषा दुपारी उभी होते आणि सकाळी जुळवलेला नियंत्रक दुपारी फसतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार: येणाऱ्या पाण्याचा सामू आधीच मोजून मात्रा का ठरवू नये? कारण सामू मुक्त हायड्रोजन आयनांपुरतेच सांगतो. हायड्रोक्लोरिक आणि अॅसिटिक, दोन्ही आम्लांची पाणी सामू 3 ची असू शकतात, पण दुसऱ्याला उदासीन करायला पन्नासपटींहून अधिक सोडा लागतो. प्रोबला दोन्ही सारखीच दिसतात. शिकणारे, स्वतःला जुळवून घेणारे नियंत्रक आज मिळतात आणि वक्ररेषेवर ते उपयोगी पडतातही. पण जी माहिती प्रोबपर्यंत पोचलेलीच नाही, ती कुठलेही सूत्र निर्माण करू शकत नाही.

जागेचा आक्षेप उरतो, आणि औद्योगिक वसाहतीतल्या लहान भूखंडावर तो रास्त आहे. तिथे रसायन बदलून पाहावे. अल्कधर्मी पाण्याला खनिज आम्लाऐवजी कार्बन डायऑक्साइड दिला तर मात्रा थोडी चुकली तरी सामू फार खाली जात नाही. आम्लाला मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड दिले तर ते विरघळायला वेळ घेते, पण सामू 10 च्या आसपास स्वतःच थांबते. स्वस्त म्हणून चुना निवडणाऱ्यांनी लक्षात ठेवावे, की तोही सावकाश विरघळतो, म्हणजे विलंब वाढवतो, आणि गंधकाम्ल असेल तर जिप्समचे थर प्रोबवर चढवतो. थर चढलेला प्रोब मंदावतो, आणि टाकी बांधताना वाचवलेला विलंब मागच्या दाराने परत येतो. त्यामुळे प्रोब हाताला सहज लागेल अशा जागी बसवणे, तो नेमाने धुणे आणि 4 व 7 च्या बफर द्रावणांत तपासणे या गोष्टी टाकीच्या आराखड्यातच लिहिलेल्या असाव्यात.