लाप्तेव बंधूंचा समुद्र

सायबेरियाच्या उत्तरेस, तैमिर द्वीपकल्प आणि नव-सायबेरियन द्वीपसमूह यांच्यामध्ये, वर्षाचा बहुतेक काळ हिमाच्छादित असणारा जो समुद्र पसरला आहे, त्यास रशियन भाषेत ‘मोरे लाप्तेविख’ असे म्हणतात. यातील दुसऱ्या पदाचा प्रत्यय षष्ठीच्या अनेकवचनाचा असल्यामुळे, हा समुद्र एका लाप्तेवचा नव्हे, हे रशियन वाचकास नकाशा पाहताक्षणीच कळते.

द्मित्री आणि खारितोन हे ते चुलतबंधू. विटस बेरिंगच्या आधिपत्याखालील १७३३ च्या उत्तर मोहिमेत, लेना नदीच्या मुखापासून पूर्वेकडील किनाऱ्याच्या मोजणीचे काम, आधीचा नायक लासिनियस मरण पावल्यावर, द्मित्रीकडे आले. पश्चिमेकडे तेथील नायक प्रोन्चिश्चेव निवर्तल्यावर खारितोनची नेमणूक झाली, आणि १७४० साली त्याचे ‘याकुत्स्क’ जहाज बर्फात चिरडले गेले, तरी उरलेली मोजणी त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी कुत्र्यांच्या गाड्यांवरून पुरी केली. या समुद्रास पूर्वी स्वीडिश संशोधक नोर्डेनशल्ड याचे नाव होते. रशियन भूगोल संस्थेने १९१३ साली लाप्तेवांचे नाव स्वीकारले आणि सरकारदरबारी त्यास मंजुरी मिळाली ती १९३५ साली.

रशियाच्या उत्तरेकडील दुसऱ्या एका समुद्राचे नाव निराळ्या रीतीने घडले आहे. बारेंट्स या डच नाविकावरून झालेले ‘बारेन्त्सेवो मोरे’ हे नाव स्वामित्वदर्शक विशेषणाचे असून, आपल्या ‘चा-ची-चे’ प्रमाणे ते विशेष्याच्या लिंगवचनास अनुसरते, आणि ‘समुद्रात’ असे म्हणावयाचे झाल्यास विशेषणाचे रूपही पालटते. ‘लाप्तेविख’ मात्र अढळ राहते. पालटते ते केवळ ‘मोरे’. कौतुकाची गोष्ट ही की, लाप्तेव, इव्हानोव यांसारखी आडनावेही मुळात अशीच स्वामित्वदर्शक विशेषणे होती, आणि ‘इख’ हा त्यांचा अनेकवचनी प्रत्यय विशेषणांच्याच रूपावळीतला आहे.

मराठीत ‘लाप्तेव समुद्र’ असे लिहिले की दोघांपैकी एक जण नाहीसा होतो, ही हानी मला लहान वाटत नाही. ‘लाप्तेवांचा समुद्र’ म्हणावे, तर आपल्या भाषेत ते एकाच व्यक्तीचे आदरार्थी अनेकवचनही ठरू शकते. म्हणून ‘लाप्तेव बंधूंचा समुद्र’ हेच रूप आपल्या भूगोलाच्या पुस्तकांत रूढ व्हावे, असे माझे आग्रहाचे मत आहे. या समुद्राच्या पूर्वेकडील सामुद्रधुनी मात्र एकट्या द्मित्रीच्या नावाची आहे, आणि तैमिरचा पश्चिमेकडील एक किनारा एकट्या खारितोनच्या. त्या दोन्ही ठिकाणी रशियन भाषा षष्ठीचे एकवचनच योजते.