जुना सीएनसी लेथ घेताना : बयाणा देण्यापूर्वी हे तपासा

कुर्ला आणि साकीनाक्याच्या गाळ्यांत, भिवंडी-मालेगावच्या यंत्रमागांचे सुटे भाग बनविणाऱ्या कारखान्यांत, भोसरीत, वाळूजला, कोल्हापूरच्या शिरोलीत आपले अनेक टर्नर आणि फिटर बंधू पिढ्यान्‌पिढ्या खरादावर काम करीत आले आहेत. त्यांच्या हातात कसब आहे. पण गिऱ्हाईक आज जे ड्रॉइंग घेऊन येते, त्यावर दोन-तीन शतांश मिलिमीटरची मर्यादा लिहिलेली असते आणि नग हवे असतात पाचशे, तेही एकसारखे. हाताच्या लेथवर पहिला नग उत्तम निघतो. दोनशेवा नग तसाच निघेल, अशी हमी कसलेला कारागीरही देऊ शकत नाही. म्हणून काम सीएनसीवाल्याकडे जाते आणि साध्या लेथवाल्याकडे उरते ते दुरुस्तीचे फुटकळ काम.

नवे सीएनसी मशीन घेणे लहान कारखानदाराच्या आवाक्याबाहेर असते. मग नजर जुन्या मशीनकडे वळते. त्यात वाईट काही नाही. चांगले सांभाळलेले जुने मशीन दहा वर्षे इमानाने काम देते. परंतु डोळे झाकून घेतलेले मशीन सहा महिन्यांत घरातील दागिने विकायला लावते. दोहोंतला फरक बहुतेक वेळा पहिल्या पाहणीतच कळू शकतो. ही पाहणी कशी करावी, हे आम्ही येथे क्रमाने देत आहोत.

आधी काम, मग मशीन

मशीन स्वस्त मिळते म्हणून घेऊ नये, काम आहे म्हणून घ्यावे. आपल्याकडे येणाऱ्या जॉबचा सर्वांत मोठा व्यास किती, लांबी किती, बार स्पिंडलच्या आतून घालायचा आहे की कास्टिंग चकमध्ये धरायचे आहे, धातू कोणता, हे आधी कागदावर लिहा. लांब शाफ्टचे काम असेल तर टेलस्टॉक नसलेले मशीन कितीही चांगले असले तरी निरुपयोगी. बाजूने भोके पाडायची किंवा चावीघाट कापायचा असेल, तर साधा दोन अक्षांचा लेथ पुरणार नाही.

स्लाईडचे दोन प्रकार लक्षात ठेवावेत. लिनियर गाईडची मशीन चपळ असतात. पितळ, ॲल्युमिनियम आणि हलके पोलादी काम त्यांवर भराभर होते. बॉक्स वे असलेली मशीन संथ, पण जाड कट आणि ओबडधोबड कास्टिंग सोसणारी असतात. लिनियर गाईड झिजली तर बदलावी लागते. बॉक्स वे चांगला कारागीर स्क्रेपिंग करून पुन्हा जागेवर आणू शकतो.

हिशेब कागदावर मांडा

एक उदाहरण घेऊ. समजा, मशीन सात लाखांना ठरले. वाहतूक, क्रेन, वीजजोडणी, टूल होल्डर, जॉ आणि किरकोळ दुरुस्ती मिळून आणखी दोन लाख गेले. म्हणजे गुंतवणूक नऊ लाख. ती तीन वर्षांत वसूल करायची तर महिन्याला २५ हजार रुपये हवेत. ऑपरेटरचा पगार, वीज, भाडे, इन्सर्ट आणि देखभाल मिळून समजा ४५ हजार. एकूण ७० हजार. पंचवीस दिवस, रोज आठ तास, म्हणजे दोनशे तास. सेटिंग, मालाची वाट आणि बंद पडणे वजा जाता प्रत्यक्ष कटिंगचे तास १४० धरा. म्हणजे तासाला ५०० रुपये पडले तर तुमची बरोबरी होते. नफा त्यानंतर.

हेच मशीन दोन पाळ्यांत चालले आणि खर्च २५ हजारांनी वाढला, तर २८० तासांवर ९५ हजार विभागून दर तासाला सुमारे ३४० रुपयांवर येतो. पार्टी जर ४०० रुपयांच्या हिशेबाने दर देत असेल, तर एका पाळीत तोटा आणि दोन पाळ्यांत नफा, इतका हा फरक आहे. म्हणून दुसऱ्या पाळीचे काम आणि माणूस मिळेल की नाही, याचे उत्तर खरेदीपूर्वीच हवे. आकडे ज्याने त्याने आपले घालावेत, रीत हीच ठेवावी.

कोणत्या बनावटीचे घ्यावे?

भारतीय बनावटीत बंगळूरची एस डिझायनर्स, कोइमतूरची एलएमडब्ल्यू आणि राजकोटची ज्योती ही नावे जुन्या बाजारात नेहमी दिसतात. त्यांचे भाग आणि मेकॅनिक मिळणे तुलनेने सोपे. जपानी मशीनची बांधणी भक्कम असते, पण दोन गोष्टी विसरू नयेत. पहिली, जपानसाठी बनलेली बहुतेक मशीन २०० व्होल्टवर चालतात. आपल्याकडील ४१५ व्होल्टवर त्यांना वेगळा ट्रान्सफॉर्मर लागतो. दुसरी अधिक महत्त्वाची. अलीकडच्या अनेक जपानी मशीनमध्ये निर्यात-नियंत्रणासाठी असे उपकरण बसविलेले असते, की मशीन जागेवरून हलविले की ते कुलूपबंद होते आणि बनविणाऱ्या कंपनीचा माणूस येऊन खोलल्याशिवाय चालत नाही. असे उपकरण आहे काय, ते कोण खोलून देणार आणि त्याचा खर्च कोणाचा, हे ठरल्याशिवाय मशीनला हात लावू नये.

कंट्रोलच्या बाबतीत फॅनुक आणि सीमेन्स यांचे जाणकार जवळपास प्रत्येक औद्योगिक वसाहतीत मिळतात. कधी न ऐकलेल्या कंट्रोलचे मशीन निम्म्या किमतीत मिळाले तरी महाग पडते, कारण त्याचे एक कार्ड जळले की सारे मशीन भंगार.

मशीन थंड असताना पोहोचा

पाहणीला सकाळी जावे आणि विक्रेत्याला आधीच सांगावे की मशीन चालू करून ठेवू नका. तापलेले मशीन आपले आजार लपविते. थंड मशीन सुरू होताना हायड्रॉलिकची गळती, अडखळणारा पंप आणि स्क्रीनवरचे अलार्म सर्व दिसतात.

चालू करण्यापूर्वी पत्र्याची झाकणे सरकवून आत पाहा. बॉल स्क्रू आणि स्लाईडवर तेलाचा पातळ थर हवा. कोरडी स्लाईड आणि गंज दिसला, तर वंगणाची नळी तुंबलेली किंवा तुटलेली आहे असे समजावे, आणि कोरडे चाललेले मशीन आतून खाल्लेले असते. नवा रंग पाहून भुलू नये. टरेटवर, चकच्या तोंडावर आणि टेलस्टॉकवर ठोकर लागल्याच्या खुणा शोधा. इलेक्ट्रिक पॅनेल उघडा. आत कूलंटचा चिकटपणा, लोखंडाची भुकटी किंवा वायर जोडून केलेले जुगाड दिसले, तर किंमत तेथेच खाली आली पाहिजे.

डायल लावून तपासणी

सोबत लिव्हर डायल, मॅग्नेटिक स्टँड आणि मायक्रोमीटर न्यावे. स्वतःला जमत नसेल तर जाणकार सेटरला त्याची दिवसाची मजुरी देऊन न्यावे. ही मजुरी सर्वांत स्वस्त विमा आहे.

स्पिंडल : शक्य असल्यास चक काढून स्पिंडलच्या नाकावर डायल लावा आणि हाताने फिरवा. चांगल्या स्पिंडलमध्ये काटा पाच मायक्रॉनच्या आसपास हलतो. दहा-वीस मायक्रॉन हलला तर बेअरिंग संशयास्पद. चकवर डायल लावून निष्कर्ष काढू नये. झिजलेल्या जॉमुळेही काटा हलतो, आणि जॉ बदलणे स्वस्त आहे, स्पिंडल नाही. नंतर कमी वेगापासून चढत जाऊन कमाल वेगाच्या सत्तर-ऐंशी टक्क्यांवर अर्धा तास चालवा. घरघर ऐकू आली किंवा हेडस्टॉकला हात ठेववेना इतका ताप आला, तर सावध व्हा.

बॅकलॅश : टरेटला डायल लावून अक्ष एकाच दिशेने थोडा थोडा सरकवा, मग उलट फिरवा. उलट फिरताना काटा जेवढा मागे राहतो तेवढी ढिलाई. लेथवर एक्स अक्ष बहुधा व्यासाच्या मापात चालतो, म्हणजे ०.१ मि.मी. दिले तर डायलवर ०.०५ दिसते. हे ठाऊक नसल्याने चांगल्या मशीनलाही लोक नावे ठेवतात. ही तपासणी चकजवळ आणि लांब टोकाला, दोन्हीकडे करावी. झीज नेहमी चकजवळ अधिक असते, कारण सारे काम तेथेच होते.

येथे एक युक्ती चालते. कंट्रोलमध्ये बॅकलॅशची भरपाई टाकता येते. फॅनुकच्या अनेक कंट्रोलवर ती १८५१ क्रमांकाच्या पॅरामीटरमध्ये असते. भरपाई मोठी असेल, तर डायलवर सारे ठीक दिसले तरी स्क्रू झिजला आहे, असेच समजावे.

टरेट : सर्व स्टेशने वीस-तीस वेळा फिरवून पाहा. क्लॅम्प होताना आवाज दर वेळी सारखा हवा. एकाच स्टेशनवर परत परत डायल लावून ते त्याच जागी येते का, ते पाहा.

शेवटी कटिंग : आपलाच धातू आणि आपलेच ड्रॉइंग घेऊन जा. टेलस्टॉक न लावता शंभर मि.मी. लांबीचा तुकडा हलक्या कटने टर्न करून दोन्ही टोके मोजा. फरक जास्त आला तर हेडस्टॉक ठोकर लागून फिरला असण्याचा संभव आहे. अनेक पासमध्ये आटे कापून पाहा. आटे बिघडले तर स्पिंडलचा एन्कोडर किंवा त्याचा बेल्ट तपासावा लागेल. मग ऑफसेट न बदलता सलग वीस नग काढा, प्रत्येकावर क्रमांक टाका आणि मोजा. हे वीस आकडे विक्रेत्याच्या वीस वाक्यांपेक्षा अधिक बोलके असतात. विक्रेता कटिंग दाखवायलाच तयार नसेल, तर चहा घेऊन परत यावे.

बॅटरी आणि पॅरामीटर

जुन्या मशीनचा जीव कधी कधी एका लहानशा बॅटरीत असतो. फॅनुक कंट्रोलची बरीचशी माहिती बॅटरीच्या आधाराने टिकून राहते. मशीन महिनोन्‌महिने बंद पडून बॅटरी संपली की पॅरामीटर पुसले जातात आणि चालते मशीन मुके होते. म्हणून सौदा ठरताच, मशीन सुटण्यापूर्वी, पॅरामीटर, लॅडर आणि प्रोग्रॅम यांची प्रत कार्डवर किंवा केबलने लॅपटॉपवर घ्यावी. पॅनेलच्या दारात छापील पॅरामीटरचा कागद असतो, तोही मागून घ्या. बॅटरी बदलताना कंट्रोल चालू ठेवावा लागतो, हे ऑपरेटरला शिकवून ठेवा. स्क्रीनवरचे तासांचे आकडे पाहावेत, पण त्यांवर विसंबू नये. ते बदलता येतात.

कागद पक्के करा

अनेक मशीन बँकेच्या कर्जावर घेतलेली असतात. कर्ज फिटल्याशिवाय मालकाला ती विकता येत नाहीत. बँकेचे ना हरकत पत्र मागा. विक्रेता कंपनी असेल तर तिच्यावरील बोजा कंपनी निबंधकाच्या नोंदीत पाहता येतो. मूळ बिल, मशीनचा क्रमांक, मॅन्युअल आणि सर्किटची वही ताब्यात घ्या. नोंदणीकृत विक्रेत्याकडून जीएसटीचे रीतसर बिल घ्या. बिलाविना दोन पैसे वाचतात, पण कराची वजावट जाते आणि उद्या मशीन विकताना तुमच्याही हाती कागद नसतो. लिलावात मशीन ‘जसे आहे तसे’ मिळते. नंतर तक्रारीला जागा नसते.

व्यवहार लिहून ठेवणे आणि मालातील ऐब गिऱ्हाइकाला दाखविणे, हे दोन्ही आपल्याला दीनने शिकविलेले आहे. ओळखीचा माणूस आहे, लिहून काय घ्यायचे, अशी भीड ठेवू नये. सोबत काय काय मिळणार, आपल्या जागेत मशीन चालवून दाखविल्यावर किती रक्कम द्यायची, बिघाड निघाला तर कोण भरणार, हे साध्या मराठीत लिहून दोघांनी सह्या कराव्यात. शक्य तेथे किमतीचा काही भाग चाचणीनंतरच द्यावा.

आणण्याचा आणि बसविण्याचा खर्च

सोडण्यापूर्वी कॅरेज आणि टेलस्टॉक बांधून घ्यावेत, नाहीतर खड्ड्यांत स्क्रूला मार बसतो. दाराची उंची, जमिनीची ताकद आणि क्रेन वळण्याची जागा आधी मोजा. मंजूर वीजभार पुरेसा आहे का, हे वीज कंपनीकडे आधीच विचारा. वाढीव भार मिळेपर्यंत मशीन नुसते उभे राहते. मशीनसाठी स्वतंत्र अर्थिंग आणि स्टॅबिलायझर हवाच. लेव्हल काळजीपूर्वक करावी. वाकडे बसलेले मशीन टेपर काढते आणि दोष मशीनला मिळतो.

पैसा आणि माणूस

व्याजाच्या कर्जापासून दूर राहू इच्छिणाऱ्यांनी भागीदारीचा विचार करावा. दोघा-तिघा कारागिरांनी मिळून एक मशीन घेतले, भांडवल आणि नफ्याचा वाटा लिहून ठेवला, तर दुसऱ्या पाळीचा प्रश्नही सुटतो. मात्र भांडवल पूर्ण मशीनमध्ये ओतू नये. तीन महिन्यांचे खेळते भांडवल बाजूला ठेवावे, कारण पार्टीचे पैसे साठ-नव्वद दिवसांनी येतात आणि ऑपरेटरचा पगार महिन्याला द्यावा लागतो.

घरातील एक तरी मुलगा प्रोग्रॅमिंग आणि सेटिंग शिकलेला असावा. औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, इंडो-जर्मन टूल रूममध्ये आणि अनेक आयटीआयमध्ये हे शिक्षण मिळते. साध्या लेथवर हात बसलेल्या मुलाला धातू कसा कापला जातो हे आधीच ठाऊक असते, म्हणून तो लवकर शिकतो. परक्या ऑपरेटरच्या भरवशावर असलेले मशीन त्याच्या रजेच्या दिवशी बंद असते.

जुनी मशीन बाजारात येतच राहतात. आज हातची गेली तर उद्या दुसरे मिळेल. दलाल ‘दुसरे गिऱ्हाईक उभे आहे’ म्हणाला, तर त्या गिऱ्हाइकाला खुशाल पुढे जाऊ द्यावे. आपण डायल, मायक्रोमीटर आणि हिशेबाची वही घेऊन जावे, आणि या तिन्हींनी होकार दिला तरच बयाण्याला हात घालावा.