रविवार नव्हे, तिथी पाहा

मुंबईहून एका दिवसात अलिबाग करायचे, तर आपण आधी सुट्टी पाहतो, मग बोट, मग जेवण. ओहोटी मात्र कोणी पाहत नाही. अलिबागच्या समुद्रातल्या कुलाबा किल्ल्यात पायी शिरता येते ते फक्त पाणी ओसरल्यावर. कोळ्यांचा जुना ठोकताळा सांगतो की तिथीच्या पाऊणपट वाजता भरती, आणि तिच्या सुमारे सहा तास पुढेमागे ओहोटी. म्हणजे एकादशीला भरती सव्वाआठच्या सुमारास, ओहोटी अडीचच्या आसपास. गेटवेहून तासाभरात मांडवा, तिथून बसने अलिबाग, म्हणजे वेळ छान जुळते. पौर्णिमेला मात्र भर दुपारी उधाण असते, किल्ला समोर दिसतो आणि वाट पाण्याखाली! अष्टमीची ओहोटी दुपारी बाराची, पण ती भांगाची, म्हणजे कमी चढउताराची. पाणी पुरते हटेलच असे नाही.

नोकरदाराला तिथी पाहून रजा कोण देणार, हा आक्षेप रास्त आहे. पण महिन्यात चार रविवार असतात, त्यांतला सोयीचा निवडता येतो. पाऊणपटीचा हिशेब ढोबळच. निघण्यापूर्वी त्या दिवसाचे भरती-ओहोटीचे कोष्टक पाहा आणि पाणी चढू लागायच्या आत किल्ल्यातून परत फिरा.